न दिसलेल्या डॉल्फिनचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नांदेडला एम.एस्सी. संख्याशास्त्र झालंय, दिवाळीनंतर तीन महिने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर हंपबॅक डॉल्फिनच्या गणनेत फील्ड असिस्टंट म्हणून जायचंय आणि समुद्र आजवर एकदाच पाहिलाय. पाण्याखाली राहणारा प्राणी मोजतात कसा? आणि उत्तर ‘इतके ते इतके’ असं सैल का येतं, एक आकडा का सांगत नाहीत?

समुद्र फारसा पाहिला नाही म्हणून काही अडत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला यातलं निम्मं आधीच माहीत असतं, कारण पीक कापणी प्रयोग त्याने पाहिलेला असतो. मंडळातलं सगळं सोयाबीन कोणी तोलत नाही. चिठ्ठी टाकल्यासारखा गट नंबर निघतो, त्यात ठरलेल्या मापाचा तुकडा आखतात, तेवढाच कापून, मळून, तोलून त्यावरून उतारा काढतात. रस्त्याकडेचं बरं रान बघून तुकडा आखला की विम्याचा काय घोळ होतो, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. डॉल्फिनची गणना हा तसाच प्रयोग. फक्त आखलेल्या तुकड्यातलं सोयाबीन सगळंच्या सगळं हाती लागतं आणि समुद्राच्या तुकड्यात दहा डॉल्फिन असले तर चार दिसतात. सगळी मेहनत जाते ती उरलेल्या सहांचा हिशेब लावण्यात.

तुमचा प्राणी सूसा प्लंबिया, म्हणजे हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिन. कोकणातले मच्छीमार त्याला गादा म्हणतात. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे आणि आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत. तो किनारा सोडून फार लांब जात नाही, साधारण २५ मीटरपेक्षा उथळ पाण्यात असतो. या एका सवयीवर आराखडा ठरतो. किनाऱ्यापासून जसजसं आत जावं तसतशी संख्या घटत जाते, म्हणून होडीच्या सर्वेक्षण रेषा किनाऱ्याला काटकोनात किंवा झिगझॅग आखतात. किनाऱ्याला समांतर रेषा सोयीची वाटते, डिझेलही वाचतं, पण ती दाट पट्ट्यातून गेली तर आकडा फुगतो आणि विरळ पट्ट्यातून गेली तर बसतो. पहिल्या रेषेची जागा यादृच्छिक आकड्याने काढायची, पुढच्या सारख्या अंतरावर. रेषा निदान १५-२० हव्यात. दोन लांबलचक रेषांपेक्षा वीस आखूड रेषा केव्हाही बऱ्या, कारण विचरण, म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो याचं माप, रेषा-रेषांमधल्या फरकावरून काढतात.

तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, पहिल्याच दिवशी म्हणेल, गादा कुठं असतो ते आम्हाला ठाऊक आहे, चला तिकडेच जाऊ. तो खरंच सांगत असतो. पण तिकडे जाणं म्हणजे रस्त्याकडेच्या बऱ्या रानात तुकडा आखणं. त्याचं ज्ञान आराखडा करताना, क्षेत्राचे दाट-विरळ भाग पाडताना वापरायचं. एकदा रेषा ठरली की होडी रेषेवरच.

वेळ सकाळची. दुपारकडे खारे वारे सुटतात आणि पाण्यावर पांढरे तुरे उठायला लागतात. ती बोफर्ट (वाऱ्याचा जोर मोजायच्या) श्रेणी ३ ची खूण, तिथे काम थांबवायचं. फिनलेस पॉर्पॉइजसारखा (पॉर्पॉइज म्हणजे डॉल्फिनचा लहान नातलग) पाठीवर पर नसलेला लहान प्राणीही मोजायचा असेल तर २ च्या वर थांबावं. पश्चिम किनाऱ्यावर सकाळी आत जाताना सूर्य पाठीशी असतो आणि परत येताना थेट डोळ्यांत. म्हणून चकाकी कोणत्या बाजूला, किती कोनात आहे, याची नोंद दर वेळी हवी. बरेच जण ही रकान्यांची कटकट टाळतात आणि मग विश्लेषण करणाऱ्याला कळत नाही की डाव्या बाजूचे डॉल्फिन गेले कुठे.

होडीचा वेग ८ ते १० नॉट, म्हणजे ताशी साधारण १५ ते १८ किलोमीटर. दोन निरीक्षक, एक नाकाडापासून डावीकडे काटकोनापर्यंत, दुसरा उजवीकडे. तिसरा नोंदी घेणारा. दर अर्ध्या तासाने जागा बदलायच्या, नाहीतर डोळे उघडे राहतात पण बघत नाहीत. सगळ्यात जास्त नजर समोर, रेषेवर. कडेला दूरचे चुकले तर गणित ते भरून काढतं. रेषेवरचे चुकले तर साधं गणित ते भरून काढू शकत नाही.

आता पर दिसला. पुढची दहा सेकंदं महत्त्वाची. वेळ आणि जीपीएस, अँगल बोर्डवरून (होडीवर बसवलेली कोनमापक पाटी) कोन, दुर्बिणीतून अंतर, हे तिन्ही पहिल्या नजरेचं लिहायचं. नंतर गट जवळून बघायचा, तोवर तो हललेला असतो. गटाची संख्या तीन आकड्यांत लिहा: कमीत कमी, बहुधा, जास्तीत जास्त. विश्लेषणात लागतं ते रेषेपासूनचं लंब अंतर, म्हणजे अंतर गुणिले कोनाची साइन. ४०० मीटरवर ४ अंशाचा कोन म्हणजे लंब अंतर २८ मीटर. पण कोन तीन-चार अंश असला की हात आपोआप शून्य लिहितो. अशी दहा-बारा शून्यं साचली की लंब अंतरांच्या आलेखात शून्यापाशी उंच सुळका उभा राहतो, त्यावर बसवलेला वक्र झपकन उतरतो, मोजणीत धरायची पट्टी अरुंद ठरते (हे गणित पुढे येतं) आणि डॉल्फिन आहेत त्यापेक्षा जास्त निघतात. हा घोटाळा समुद्रावर होतो आणि संगणकावर दुरुस्त होत नाही.

अंतराचं दुसरं दुखणं दुर्बिणीतल्या रेघांचं. ७×५० च्या दुर्बिणीत उभ्या मापाच्या रेघा असतात. वरची रेघ क्षितिजावर टेकवून प्राणी किती रेघा खाली आहे ते वाचायचं. एक रेघ ५ मिलची (मिल हे कोनाचं माप, रेडियनचा हजारावा भाग) आणि डोळ्याची उंची पाण्यापासून ४ मीटर धरली, तर एक रेघ खाली म्हणजे सुमारे ६५० मीटर आणि अर्धी रेघ खाली म्हणजे ११०० मीटर. अर्ध्या रेघेच्या चुकीला साडेचारशे मीटर! मोठ्या जहाजावर उंची जास्त असल्याने हे निभतं, लहान होडीवर नाही. त्यात किनाऱ्याकडे बघताना क्षितिज दिसतच नाही, जमीन आड येते. मग लोक वाळूच्या कडेलाच क्षितिज धरतात. किनारा २ किलोमीटरवर असेल तर त्या चुकीने ६५० मीटरचे पावणेआठशेच्या वर होतात. अशा ठिकाणी सवयीची नजर दुर्बिणीपेक्षा बरी. ती सवय कशी लावायची ते शेवटी सांगतो.

गणित एकदा आकड्यांत बघा. समजा, ६४० किलोमीटर रेषा कापल्या, ६४ गट दिसले, क्षेत्र ४०० चौरस किलोमीटर. दोन्ही बाजूंना १ किलोमीटरपर्यंत सगळं दिसलं असं धरलं तर ६४ भागिले १२८०, म्हणजे चौरस किलोमीटरला ०.०५ गट. पण लंब अंतरांचा आलेख काढला की दिसतं, पहिल्या २०० मीटरमध्ये गटांची गर्दी आणि पुढे घसरण. त्या घसरणीला वक्र बसवतात, हाफ-नॉर्मल किंवा हॅझार्ड-रेट नावाचा, आणि त्यातून प्रभावी पट्टी निघते, म्हणजे रेषेच्या एका बाजूला जितक्या रुंदीत सगळं दिसलं असं धरता येईल तेवढी. ती २५० मीटर आली तर घनता ६४ भागिले (२ × ०.२५ × ६४०) म्हणजे ०.२ गट, चौपट. सरासरी गट ३ चा धरला तर ०.२ × ३ × ४०० = २४० डॉल्फिन. वक्र भरवशाचा बसायला ६० ते ८० गट तरी लागतात. सगळ्यात दूरचे साधारण ५ टक्के विश्लेषणाआधी कापून टाकतात, ते वक्राला उगाच शेपूट लावतात. मोठे गट लांबूनही दिसतात, छोटे दिसत नाहीत, म्हणून सरासरी गटाचा आकडाही तपासून घ्यावा लागतो. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचं ‘डिस्टन्स’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तुम्हाला आर ही संगणकभाषा येत असेल तर त्यातही हीच पॅकेजं आहेत.

हे २४० अजून अपुरे आहेत, कारण रेषेवरचे सगळे दिसले असं आपण गृहीत धरलं. ते दोन कारणांनी खोटं ठरतं. एक, होडी जाताना प्राणी पाण्याखाली होता. दोन, वर होता पण निरीक्षकाने हुकवला.

पहिलं कारण समजून घ्यायला विष्णुपुरीच्या काठावर किंवा जायकवाडीला पैठणच्या बाजूला जाऊन पाणकावळा बघा. तो बुडी मारतो, वर येतो, मान झटकतो, पुन्हा बुडी. घड्याळ लावून वीस-पंचवीस बुड्या मोजा. समजा तो सरासरी १५ सेकंद वर आणि २५ सेकंद खाली असतो. एका क्षणाच्या फोटोत तो असण्याची शक्यता १५ भागिले ४०, म्हणजे ०.३७५. पण तुम्ही त्या जागेकडे १० सेकंद बघत राहिलात तर (१५ + १०) भागिले ४०, म्हणजे ०.६२५. डॉल्फिनलाही हेच लावतात: वरचा वेळ, खालचा वेळ आणि होडीवरून एखादी जागा किती सेकंद नजरेच्या टप्प्यात राहते. होडीचा वेग वाढवला की तिसरा आकडा घटतो. तांडेलाने घाई केली की नुसती रेषा लवकर संपत नाही, हुकणारे डॉल्फिनही वाढतात.

दुसऱ्या कारणासाठी एकाच बाजूला दोन निरीक्षक बसवतात, एकमेकांना दिसणार-ऐकू येणार नाहीत असे. दोघांनी किती पाहिले आणि दोघांनाही दिसलेले सामाईक किती, यावरून दोघांच्याही नजरेतून सुटलेले काढता येतात. ऑस्ट्रेलियात डुगाँगची, म्हणजे समुद्रगायीची, विमानातून गणना अशीच करतात, दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं. गढूळ पाण्यात प्राणी किती खोलीपर्यंत दिसतो हे ठरवायला त्यांनी डुगाँगच्या आकाराच्या प्रतिकृती पाण्यात बुडवून बघितल्या. तामिळनाडूच्या पाल्क उपसागरात २०२२ साली ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग राखीव क्षेत्र झालं, तिथेही गढूळपणाचा हिशेब टळणार नाही. दोन्ही कारणं मिळून तुमच्या रेषेवरचा प्राणी दिसण्याची शक्यता ०.७५ आली तर २४० भागिले ०.७५, म्हणजे ३२०.

एवढं सगळं झाल्यावर माझं मत: थोडके आणि किनाऱ्याला चिकटून राहणारे डॉल्फिन असतील तर रेषेपेक्षा फोटो-ओळख पद्धत जास्त कामाची. एका हंगामात ६० गट दिसतीलच असं नाही, पण तेच डॉल्फिन पुन्हा पुन्हा दिसतात, आणि याच गोष्टीचा या पद्धतीला उपयोग होतो.

कणगीतून ओंजळभर ज्वारी काढली, दाण्यांना कुंकू लावलं, परत टाकून ढवळली. दुसऱ्या ओंजळीत कुंकवाचे दाणे किती आले त्यावरून कणगीत किती दाणे आहेत ते निघतं. डॉल्फिनला कुंकू लावावं लागत नाही. पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला खाचा असतात, जाळ्याने कापलेल्या, दुसऱ्या डॉल्फिनने चावलेल्या. पराच्या टोकापासून खाली येताना कडेवर एक चौकोनी खाच, तिच्या खाली दोन बारीक दातेरी, मग सलग कड, असं एकेक पर वाचायचं. खाच आरपार असल्यामुळे डाव्या फोटोत जी उजवीकडे दिसते ती उजव्या फोटोत डावीकडे, पण आकार तोच. अंगावरचे ओरखडे आणि डाग मात्र एकाच बाजूला असतात आणि काही महिन्यांत पुसटही होतात, त्यांच्यावर ओळख ठरवू नका. कॅमेऱ्याला १००-४०० ची लेन्स, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जलद, होडी गटाला समांतर आणि संथ. समोर आलेल्या प्रत्येकाचे फोटो घ्या, खाचा असोत-नसोत. सुंदर खाचांवर कॅमेरा आपोआप वळतो. तो वळू द्यायचा नाही.

समजा पहिल्या फेरीत ४० ओळखीचे, दुसऱ्या फेरीत ३६, दोन्हींत सामाईक १४. चॅपमनच्या सूत्राने (४१ × ३७) भागिले १५, वजा १, म्हणजे १००. हे फक्त खाचा असलेले. आता चांगल्या प्रतीच्या फोटोंतून बघायचं की एकूण परांपैकी किती खाचांचे: ३०० पैकी १८०, म्हणजे ०.६. तर एकूण १०० भागिले ०.६, १६७. चॅपमनच्या विचरणातून सीव्ही, म्हणजे प्रमाण चुकीचं अंदाजाशी गुणोत्तर, साधारण ०.१५५ येतो, खाचांच्या प्रमाणाची अनिश्चितता ०.०५ धरून दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की ०.१६३. लॉग-नॉर्मल अंतराल काढला तर ९५ टक्क्यांची मर्यादा १२२ ते २२९. तुम्ही सैल म्हणता तो आकडा असा येतो.

यात बिघाड कुठे होतो? दोन जुळण्या नजरेतून सुटल्या, १४ च्या जागी १२ धरले, की १६७ चे १९३ होतात. लॅपटॉपसमोर रात्री अकराला केलेल्या दोन चुकांनी सव्वीस डॉल्फिन कागदावर जन्माला येतात. म्हणून जुळणी दोघांनी वेगवेगळी करायची आणि मतभेद तिसऱ्याने सोडवायचे. फोटोची प्रत आणि पराची ठळकता यांना वेगवेगळे गुण द्यायचे. अंधूक फोटोतही ठळक खाचेचा डॉल्फिन ओळखू येतो, म्हणून तो ठेवायचा मोह होतो. पण त्याच प्रतीच्या फोटोतला बारीक खाचेचा गळतो आणि सगळ्यांना सारखी संधी ही अट मोडते. प्रत खराब तर फोटो बाद, डॉल्फिन कितीही ओळखीचा असो. उलट्या बाजूची चूक ढवळण्याची. कणगी ढवळलीच नाही तर कुंकवाचे दाणे वरच राहतात, दुसऱ्या ओंजळीत भसाभस येतात आणि एकूण आकडा कमी निघतो. बंदराच्या तोंडाशी राहणारे चार-पाच गट रोज भेटतात, खडकाळ टोकापलीकडचे भेटतच नाहीत, तेव्हा नेमकं हेच होतं. आणि पिल्लं? त्यांना खाचाच नसतात, ती प्रमाणाच्या भागाकारातूनच हिशेबात येतात.

एक सावधगिरी. रेषेने आलेला आकडा आणि फोटोने आलेला आकडा शेजारी ठेवून ‘डॉल्फिन घटले’ असं लिहू नका. रेषा सांगते की गणनेच्या दिवसांत त्या क्षेत्रात सरासरी किती होते. फोटो सांगतात की त्या हंगामात किती जणांनी ते क्षेत्र वापरलं, त्यात येऊन गेलेलेही आले. मोंढ्यात आत्ता किती गाड्या उभ्या आहेत आणि आठवड्यात किती वेगवेगळ्या गाड्या येऊन गेल्या, यात असतो तेवढा फरक.

आवाजाची पद्धत तुमच्या किनाऱ्यावर फारशी नाही, पण ती कुठे अटळ ठरली ते माहीत असावं. मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातातला वाकिता हा पॉर्पॉइज १९९७च्या जहाज सर्वेक्षणात ५६७ होता, २००८ मध्ये २४५. टोटोआबा माशासाठी लावलेल्या गिलनेटमध्ये (पाण्यात उभं लावलेलं, माशाचा गळा अडकवणारं जाळं) अडकून तो मरतो. २०११पासून तिथे राखीव पाण्यात प्राण्याची क्लिक (तो काढत असलेला चटकन होणारा आवाज) ऐकणारी यंत्रं चौकटी-चौकटींच्या आराखड्यात बसवली, कारण इतक्या विरळ प्राण्याला डोळ्याने गाठून कल काढणं अशक्य झालं होतं. २०१५ मध्ये डोळा आणि कान एकत्र वापरून ५९ आले, मर्यादा २२ ते १४५. २०२३ मध्ये तर तज्ज्ञांना प्रत्येक दर्शनाबद्दल स्वतंत्र अंदाज द्यायला लावून १० ते १३ ठरवले. प्राणी इतके उरल्यावर वक्र बसवायला काही शिल्लकच नसतं. वाकिताची क्लिक उंच आणि अरुंद पट्ट्यातली असते, म्हणून यंत्राला ती वेगळी काढता येते. हंपबॅकची क्लिक रुंद पट्ट्यातली, त्यात कोकणच्या खडकाळ पाण्यात कोळंबीची चटचट दिवसरात्र चालू असते.

आता मर्यादेकडे. एकच आकडा न देण्यामागे पळवाट नाही. २००७ सालच्या एका अभ्यासात अमेरिकेच्या त्या वेळच्या गणनांची अचूकता तपासली, तेव्हा असं निघालं की पंधरा वर्षांत संख्या निम्मी झाली तरी डॉल्फिन-पॉर्पॉइजच्या ७८ टक्के बाबतीत ती घसरण पकडताच आली नसती. मर्यादा रुंद असली की घसरण तिच्यात बुडून जाते. म्हणून मर्यादेला वापरण्याची रीत आहे. अमेरिकेच्या सागरी सस्तन प्राणी कायद्यात १९९४ पासून माणसामुळे होणारे मृत्यू किती सोसतील ते असं काढतात: मधला आकडा न घेता विसाव्या शतमकाचा (खरी संख्या ज्याच्याहून जास्त असण्याची शक्यता ८० टक्के धरतात असा) किमान आकडा घ्यायचा, त्याला ०.०२ ने गुणायचं (डॉल्फिनची कमाल वाढ वर्षाला ४ टक्के धरून तिच्या निम्मे) आणि संकटग्रस्त असेल तर पुन्हा ०.१ ने. आपल्या १६७ ला, सीव्ही ०.१६३ असताना, किमान आकडा १४६ येतो. १४६ × ०.०२ × ०.१ म्हणजे ०.२९, साधारण साडेतीन वर्षांत एक मृत्यू. काम ढिसाळ होऊन सीव्ही ०.५ आला असता तर तेच १६७ असूनही किमान आकडा ११२ आणि परवानगी साडेचार वर्षांत एका मृत्यूची. अनिश्चिततेचा भार डॉल्फिनवर न टाकता गणना करणाऱ्यांवर आणि जाळी टाकणाऱ्यांवर टाकायची ही रीत मला योग्य वाटते, मच्छीमारांना ती कडू लागते हेही खरं.

जाण्याआधी नांदेडलाच करता येईल असा सराव सांगतो. वीस लिटरचे रिकामे जार दहा-बारा घ्या, वाळूची पुरचुंडी दोरीने बांधून नांगर करा आणि परवानगी घेऊन, ओळखीच्या होडीवाल्याला सोबत घेऊन जलाशयात ५० ते ६०० मीटरपर्यंत वेडीवाकडी सोडा. प्रत्येकाचं जीपीएस होडीवाल्याने घ्यायचं, तुम्ही बघायचं नाही. मग काठावरून, एकदा उभं राहून आणि एकदा बसून, प्रत्येकाचं अंतर आणि कोन लिहा. संध्याकाळी खऱ्याशी ताडून बघा. पहिल्या दिवशी तुमचे आकडे १००, २००, ३०० वर साचलेले दिसतील आणि लांबचे बहुतेक कमी धरलेले असतील. असं चार सकाळी करा, दर वेळी जागा बदलून, वारा सुटलेला एक दिवसही धरून. खरं भागिले अंदाज हे तुमचं वैयक्तिक गुणोत्तर वहीत लिहून सोबत न्या, टीमप्रमुख ते मागेल. जार मात्र मोजून परत आणा. दहा सोडले आणि नऊ हाती लागले, तर दहावा शोधायला पुन्हा होडी घालावी लागेल.